बिनसेंट्रिंगचं छत

“यात लोखंड किती आहे, मॅडम?” रविराजनं विचारलं.

“लोखंड नाही,” फरीदेह म्हणाली.

“अजिबात?”

“अजिबात नाही. लागत नाही.”

रविराजनं समोरच्या लोकांवरून नजर फिरवली आणि हातातला अहवाल मांडीवर पालथा ठेवला. आता आणखी काही विचारायची गरजच उरली नाही, असा त्याचा चेहरा होता.

वाघोलीतल्या बालवाडीत ती चालवणाऱ्या मंडळाची बैठक भरली होती. रविराज मंडळाचा अध्यक्ष, आणि गावातला बिल्डर. मुलांच्या लाल-पिवळ्या खुर्च्या कोपऱ्यात रचून मधे सतरंजी टाकली होती. मंडळाचे अकरा सदस्य आणि पंधरा-वीस पालक तिच्यावर दाटीवाटीनं बसले होते. त्यांच्या डोक्यावर मागच्या भिंतीपासून पुढच्या दारापर्यंत फरीदेहनं बांधून घेतलेलं विटांचं कमानीचं छत होतं, मोठा पाइप उभा चिरून पालथा घातल्यासारखं. हे छत कधी पडेल याचा भरवसा नाही असं सगळे त्याच छताखाली बसून ठरवत होते, आणि एकालाही वर बघावंसं वाटत नव्हतं.

“मॅडम, बेसिकली हे कुठल्या कोडमध्ये बसत नाही,” रविराजनं आणलेला इंजिनिअर म्हणाला. केयूर त्याचं नाव, वय तिशीच्या आत. “तुमची कॅल्क्युलेशन्स मी बघितली. ती हातानं काढलेली आहेत.”

“हो. हातानंच काढली.”

“मग मी त्यावर साइन कशी करू?”

“तुम्ही ती तपासली का?”

“तपासायला सॉफ्टवेअरमध्ये घालावी लागतात,” केयूर म्हणाला, आणि ज्याअर्थी ती घालता येत नव्हती त्याअर्थी विषय संपला होता.

मागून एक म्हातारे गृहस्थ बोलले, “तसं न्हाई, पन लांबून बघितलं की बालवाडी हाय का दुसरंच काय हाय, कळत न्हाई.” दोघं-तिघं हसले. दुसरं काय, ते कोणी बोललं नाही. फरीदेहला ते कळलं. एकवीस वर्षांपूर्वी याच गावात कोणाला इथं मशीद दिसली नव्हती. रविराजचे आजोबा, सोनबा, यांनी ही जागा बालवाडीला दिली तेव्हा ते रोज सकाळी येऊन विटा चढताना बघत बसत.

“ज्यानं बांधलं त्यालाच विचारू की,” रविराज म्हणाला. “महिपती, तू सांग.”

दाराशी बसलेला महिपती गवंडी उठून उभा राहिला. त्यानं फरीदेहकडे पाहिलं नाही.

“आमाला बाईंनी सांगितलं तसं आमी बांधलं. खालनं सेंट्रिंग न्हाई, आत शीग न्हाई, सिमेट न्हाई. चुना आन वीट.” तो थांबला. “मी माझ्या घराला स्लॅब टाकलाय.”

यावर सगळेच हसले. फरीदेह चिडली. राग आला की तिचं मराठी मोडायचं. तिच्या फारसीत लिंगभेद नव्हता, आणि इतक्या वर्षांत शिकलेला तो भेद अशा वेळी नेमका हातातून निसटायचा.

“एकवीस पावसाळे ही छत उभा आहे,” ती म्हणाली. “एक वीट पडला का? कोणी सांगा.”

“पडला नाही, मॅडम,” रविराज शांतपणे म्हणाला. “पडली. पण पडायची वाट बघायची का? पोरं आमची आहेत.”

ठराव पाच मिनिटांत झाला. बालवाडी पाडायची आणि तिथं चार मजली इमारत बांधायची. खाली गाळे, वर इंग्रजी शाळा, सगळ्यात वर हॉल. पालकांनी हात वर केले ते काही रविराजच्या भीतीनं नव्हे. त्यांना खरंच लिफ्ट असलेली शाळा हवी होती.

शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिची नणंद आनंदी वर्तमानपत्राचं कोडं सोडवत होती. आनंदी खांबेटे चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेली. धाकट्या भावानं, माधवनं, इराणी मुलीशी लग्न केलं त्या दिवसापासून ती फरीदेहला ‘आपण’ म्हणत आली होती. त्यात आदर नव्हता, अंतर होतं. बारा वर्षांपूर्वी माधव गेला. दोघींच्या नावावर हा एक फ्लॅट राहिला, आणि तो सोडून कुठं जायचं हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

“झाला ठराव?” आनंदीनं विचारलं.

“झाला, वन्सं.”

“एकमतानं?”

“एकमतानं.”

“बरं झालं. आपल्यामुळे वाघोलीत कशावर तरी एकमत झालं.” तिनं एका चौकोनात अक्षर भरलं. “पोळ्या झाकून ठेवल्यात.”

फरीदेह न जेवताच खोलीत गेली. टेबलावर कालचीच पत्रं होती. एका महाविद्यालयाचं व्याख्यानाचं निमंत्रण, मुळशीच्या एका शेतघराचे नकाशे. ती बावीस वर्षांची असताना इराणातल्या याझ्दहून पुण्याला वास्तुकला शिकायला आली होती. परत जाणार होती, पण गेली नाही. शिकताना तिला सगळीकडे एकच छत दिसे. सेंट्रिंगच्या लाकडी फळ्या, बांबूचे टेकू, त्यावर लोखंड, त्यावर सिमेंट. तिच्या गावात लाकूडच नव्हतं. तिथले गवंडी एका टोकाची भिंत बांधत आणि तिला किंचित रेलून विटांची पहिली कमान चिकटवत. तिला टेकून दुसरी, दुसरीला टेकून तिसरी. खाली काही नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या अंगावर टेकून उभी राही आणि हळूहळू खोली झाकली जाई.

हे तिनं पुण्यात सांगितलं तेव्हा लोक सौजन्यानं ऐकत आणि विषय बदलत. शिक्षण संपल्यावर पहिली आठ वर्षं तिनं दुसऱ्यांच्या ऑफिसात संडास-बाथरूमचे नकाशे काढले. मग सोनबांनी जागा दिली, महिपती भेटला, आणि ही बालवाडी झाली. त्यानंतर काय झालं हे तिलाही नीट कळलं नाही. बालवाडी बघायला विद्यार्थी येऊ लागले, मग मासिकवाले, मग हौशी श्रीमंत माणसं. आता पुण्यापासून साताऱ्यापर्यंत अशी साठ-सत्तर छतं होती. त्यातली निम्मीसुद्धा तिची नव्हती. पण लोक त्यांना ‘फरीदाबाईंची कमान’ म्हणत, आणि तिनं कधी कोणाला थांबवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती महिपतीला शोधत केसनंद रस्त्यावर गेली. तिथं एका नव्या कॅफेचं काम चाललं होतं. महिपती परांचीवर उभा राहून कमान लावत होता. ती खाली येऊन उभी राहिली तरी त्यानं थापी थांबवली नाही.

“तुम्हाला भीती वाटते हे मला कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“कशाची?”

“या छताची. घराला स्लॅब टाकला म्हणालात.”

“भीती न्हाई वाटत. पोरीचं लगीन जमवायचं हुतं. असल्या छताला लोकं गोदाम म्हनत्यात.” त्यानं विटेला चुना लावला, ती कलती धरून आधीच्या ओळीवर दाबली आणि क्षणभर तळहात तसाच ठेवला. हात काढला तेव्हा वीट हवेत तशीच राहिली. “माझं घर हाय, बाई. मी काय बी टाकीन.”

“मग काल तेवढंच सांगायचं होतं. त्यांच्यासमोर अर्धं का बोललात?”

“अर्ध्यात खोटं काय हुतं?”

खोटं काही नव्हतं.

“रविराजशेटच्या साईटवर माझी बारा मानसं हायती,” महिपती म्हणाला. “तुमचं काम वरसातनं एक. मी कुनाचं ऐकायचं?” मग, जणू बरेच दिवस तोंडात धरलेलं बाहेर पडावं तसं, तो पुढं बोलला. “त्या मोठ्या मासिकात फोटो आला हुता तुमचा, ध्यानात हाय का? तुमी छतावर बसलाय, हसताय, आन बाजूनं एक हात वीट देतोय. त्यो हात माझा. मनगटापातूर. म्होरचं कापलंय.”

“फोटो मी काढला नव्हता, महिपती.”

“घरात लावला की न्हाई पन?”

तो फोटो तिच्या खोलीत फ्रेम करून लावलेला होता.

“तुमच्या चार भाषनांना मी मागं बसलोय. पाच दिवसांचं शिबिर आसलं की पोरांना वीट लावून दाखवायची मी, आन सांगायचं तुमी. बरं, तुमाला तरी हे कुनी शिकवलं?”

“उस्ता रहमत नावाचे गवंडी. माझ्या आजोबांच्या घराचं काम करत होते. मी नऊ वर्षांची होते.”

महिपतीनं पहिल्यांदा थापी खाली ठेवली.

“हे नाव मी आज ऐकतोय,” तो म्हणाला. “भाषनात काय म्हनता तुमी? ‘इराणची पारंपरिक पद्धत.’ त्याला पोरंबाळं हायती का?”

“माहीत नाही.”

“मग अर्धं का बोललो म्हनून मला काय इचारताय.”

तिला उत्तर द्यायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं स्वतःच्या बाजूचं होतं. तेवढ्यात नकळत तिची नजर त्याच्या ओळींवर गेली. सांधे एकसारखे, वळण कुठंही फुगलेलं नाही. ती स्वतः लावे त्यापेक्षा सुबक. हे बघून तिला बरं वाटलं नाही. ती तशीच निघाली आणि त्यानंही हाक मारली नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत तिनं मंडळाला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मुलांची बालवाडी दोन भाड्याच्या खोल्यांत हलवली. एका बुधवारी सकाळी साडेसातला बालवाडीच्या सेविकेचा, सुंदराबाईंचा, फोन आला.

“बाई, मशीन आलंय. काल सांजच्यालाच पाडाया लागले हुते.”

“पाडू दे,” फरीदेह म्हणाली. तिनं मनाची तयारी केली होती.

“मी म्हनलं सांगावं. वरची माती काढली एका अंगाची. आत मानसं फरश्या काढत्यात.”

फरीदेह खुर्चीवरून उठली. “एकाच बाजूची? दुसरी बाजू?”

“दुसरी तशीच हाय. डंपर आला की काढू म्हनत्यात.”

“सुंदराबाई, त्या माणसांना बाहेर काढा. आत्ता.”

“माझं कोन ऐकतंय, बाई.”

कमानीच्या दोन्ही खांद्यांवर मुरूम भरलेला असतो. दोन्हीकडून सारखा दाबतो म्हणून ती उभी राहते. एका बाजूचा काढला की कमान भरलेल्या बाजूला खचते, मोकळ्या बाजूला फुगते आणि एका क्षणी आत कोसळते. हे तिला सांगायला कॅल्क्युलेशन लागत नव्हतं. नऊ वर्षांची असताना शेजारच्या घरात असं झालेलं तिनं पाहिलं होतं. तिनं रविराजला फोन केला, त्यानं कापला. महिपतीला केला, तो नुसता वाजत राहिला.

ती चप्पल घालत असताना आनंदीनं विचारलं, “आता आपण जाऊन काय करणार? हातानं धरून ठेवणार?”

“आत माणसं आहेत, वन्सं.”

आनंदीनं चष्मा काढला. “मग रिक्षानं जा,” ती म्हणाली. “बसनं दुपार होईल.”

नगर रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. त्याच गर्दीत मुरूम न्यायचा डंपरही अडकला होता, म्हणून वाघोलीत काम थांबलेलं होतं. मशीनचा ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळत बसला होता. फरीदेह कोणाला न विचारता आत शिरली.

पाच मजूर उकिडवे बसून फरश्या उचकटत होते. तिनं वर बघितलं. माथ्याजवळ, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट जाईल एवढी फट पडली होती. तिच्यातून चुन्याची पूड बारीक धारेनं खाली येत होती. एका मजुराच्या खांद्यावर ती साचली होती आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

“बाहेर या सगळे,” ती म्हणाली. “सामान राहू दे.”

त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं दाराकडे पाहिलं. दारात रविराज उभा होता.

“मॅडम, ठराव झालाय,” तो म्हणाला. “आता नाटक नको.”

“मी अडवायला आले नाही. पाडा. पण माणसं आत ठेवून नाही, आणि एका बाजूनं नाही.”

“तुम्हीच म्हणायचात ना, वर दहा टन ठेवलं तरी काही होत नाही?”

“ठेवलं तर होत नाही. एका बाजूचं काढलं तर होतं.”

रविराज हसला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. मागं लोक जमले होते. “म्हणजे छत धोकादायक आहे. असंच ना? जरा मोठ्यानं सांगा. सगळ्यांना कळू दे.”

तो काय मागतो आहे हे तिला लख्ख कळलं. तिनं सांगितलेलं एवढंच वाक्य लोकांपर्यंत पोचेल, त्याच्या आधीचं आणि नंतरचं कापलं जाईल. मुळशीचं शेतघर, महाविद्यालयं, तिच्या हाताखाली शिकून आता पोट भरणारी पोरं, सगळ्यांपर्यंत पोचेल. तिनं खोलीत वाकून बसलेल्या पाच पाठींकडे पाहिलं.

“हो,” ती मोठ्यानं म्हणाली. “हे छत धोकादायक आहे. माणसं बाहेर काढा.”

यावेळी तिच्या मराठीत चूक झाली नाही.

रविराजनं मोबाइल खाली केला आणि मुकादमाला हात केला. पाचही मजूर बाहेर आले. खांद्यावर पूड साचलेल्यानं अंग झटकलं, आणि तंबाखूसाठी ड्रायव्हरपुढं हात केला.

“झालं?” रविराज म्हणाला. “आता मशीनला ढकलू द्या. पाच मिनिटांचं काम.”

“मशीननं ढकललं तर ही भिंत गल्लीत जाईल.”

“जाईल तर जाईल.”

“तिकडं कौशल्याचं घर हाय.” हे महिपती बोलला होता. तो कधी येऊन उभा राहिला ते कोणाला दिसलं नव्हतं. त्यानं पायरीवरूनच मान आत घालून फट बघितली. मग भिंतीला हात लावला, दोन पावलं मागं सरून भिंतीची कड एका डोळ्यानं न्याहाळली. “भायेर निघालीया आत्ताच. कौशल्याच्या पत्र्यावर जाईल, शेट. सून बाळंतीण हाय तिची आत.”

“तू तर म्हणत होतास—”

“मी शीग न्हाई म्हनलो हुतो. बाई म्हनत्यात ते खरं हाय. हातानं उतरवाया लागंल.”

“किती वेळ?”

महिपतीनं फरीदेहकडे पाहिलं.

“उद्या दुपारपर्यंत,” ती म्हणाली.

आधी त्यांनी आतून टेकू दिले. महिपती एकटाच आत गेला आणि बाकीच्यांनी बाहेरून वासे सरकवले. मग दुसऱ्या बाजूचा मुरूम घमेल्यांनी, थोडा थोडा, हळूच काढला. फट मिटली नाही, पण वाढायची थांबली. दुपारी पुढच्या दाराकडून, शेवटी लावलेल्या ओळीपासून सुरुवात झाली. आधी माथ्याची वीट काढायची, मग डावी-उजवीकडून सारख्या विटा काढत खाली यायचं. जे सगळ्यात शेवटी लागलं ते सगळ्यात आधी निघतं. फरीदेह उजव्या बाजूच्या परांचीवर होती, महिपती डाव्या. छिन्नीनं सांधा मोकळा करायचा, वीट हलवायची, खालच्या माणसाला द्यायची. कामापुरतंच बोलणं होत होतं.

“सोडू?”

“थांबा. हं.”

छपन्न वर्षांच्या तिच्या गुडघ्यांना परांचीची सवय राहिली नव्हती. चुन्यानं बोटं फाटली. खाली गावातले लोक येऊन उभे राहत, मोबाइल वर धरत आणि जात. “स्वतःच पाडतीया,” कोणीतरी म्हणालं. “चुकलं असंल म्हनून तर.” संध्याकाळी चारला मुळशीच्या गृहस्थांचा फोन आला. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी फार सौजन्यानं सांगितलं की, घरच्यांचं म्हणणं पडतंय, तूर्त स्लॅबच टाकावा. ती ‘बरं’ म्हणाली आणि मोबाइल खाली सुंदराबाईंकडे देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मधल्या ओळींपर्यंत आले. तिथं तिच्या छिन्नीला एक वेगळाच सांधा लागला. दोन ओळींच्या मधे विटेच्या कपच्या बसवलेल्या होत्या, पाचरीसारख्या, एकीला एक घट्ट लावून. तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. तिच्या कुठल्याही नकाशात हे नव्हतं.

“हे काय आहे?”

महिपतीनं बघितलं आणि परत आपल्या विटेकडे वळला. “हितं तुमची मापाची दोरी चुकली हुती. सायबांचा ताप वाढला म्हनून त्या दिवशी तुमी लौकर गेला. वळान खाली आलं हुतं. मी दुसऱ्या दिवशी पहाटं येऊन दोन ओळी काढून परत लावल्या.”

तिला तो दिवस आठवला. माधवला टायफॉइड झाला होता.

“मला सांगितलं नाही.”

“सांगितलं आसतं तर तुमी समदंच काढाया लावलं आसतं.”

ते खरं होतं. तिनं सगळं काढायला लावलं असतं, आणि सोनबांचा धीर सुटला असता, आणि हे छत झालंच नसतं. एकवीस वर्षं या छताखाली उभं राहून तिनं शेकडो लोकांना सांगितलं होतं की पहिल्याच प्रयत्नात वळण अचूक आलं. तिनं एक कपची मोकळी केली. बोटाएवढी होती, तीन बाजूंनी घासून बसवलेली. ती तिनं त्याच्याकडे पुढं केली. त्यानं घेतली, एकदा उलटसुलट बघितली आणि राडारोड्याच्या ढिगात टाकली.

“बघत काय बसता,” तो म्हणाला. “ऊन चढतंय.”

दुपारी एकच्या सुमाराला मागच्या भिंतीला टेकलेली पहिली ओळ उरली. हीच सगळ्यात आधी लागली होती. माथ्याची वीट महिपतीनं काढली, बाकीच्या दोघांनी मिळून. मग त्या खोलीवर नुसतं उघडं आभाळ राहिलं. बालवाडीच्या भिंतीवर रंगवलेली फळं आणि अंक उन्हात भलतेच भडक दिसू लागले.

फरीदेह शिडीवरून उतरायला लागली. खाली बघितलं तर महिपतीनं शिडीच्या तळाशी पाय रोवून ती धरून ठेवली होती. तो बघत मात्र दुसरीकडेच होता, गल्लीकडे, कौशल्याच्या दारात वाळत घातलेल्या दुपट्यांकडे. तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले तसं त्यानं शिडी सोडली आणि नळावर हात धुवायला गेला.

रविराज आला. त्यानं सगळीकडे नजर टाकली. एका कडेला विटांच्या थप्प्या लागल्या होत्या, एकही फुटलेली दिसत नव्हती.

“विटा न्यायच्या असतील तर न्या, मॅडम,” तो म्हणाला. “आम्हाला उपयोग नाही.”

“महिपतीला विचारा.”

“मला नकोत,” महिपती नळावरूनच म्हणाला.

ड्रायव्हर मशीनवर चढून बसला होता, पण ती फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यानं इंजिन चालू केलं नाही. सुंदराबाईंनी तिचा मोबाइल आणून दिला. त्यावर एकोणीस फोन येऊन गेले होते. त्यातला एक घरचा होता.

बसथांब्यावर उभी राहून तिनं तो आधी लावला.

“पडलं का ते?” आनंदीनं विचारलं.

“नाही, वन्सं. उतरवलं.”

“आणि माणसं?”

“सगळी नीट आहेत.”

“बरं,” आनंदी म्हणाली. “यायला किती वेळ लागेल? भात लावायचाय.”

फोन ठेवला तेवढ्यात गल्लीच्या आतून जड काहीतरी कोसळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धुरळा घरांच्या वर चढला. थांब्यावरची माणसं तिकडे वळून बघू लागली. शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, “काय पडलं हो?”

“भिंत,” फरीदेह म्हणाली.

मग बस आली आणि सगळे दाराकडे सरकले. तीही फाटलेली बोटं पदरात धरून रांगेत उभी राहिली.